पोलिसांनी ‘समरी’ पाठवली, पुढे काय? फिर्यादीसाठी सविस्तर मार्गदर्शन

गुन्हा नोंदवून वर्ष उलटलेलं असतं आणि एक दिवस शिवाजीनगर कोर्टाची नोटीस येते: ‘तपासी अंमलदारांनी समरी अहवाल सादर केला आहे, आपले काही म्हणणे असल्यास हजर राहावे.’ बरेच फिर्यादी इथेच हात टेकतात. पोलिसांनीच तपास बंद केला, आता कोर्ट काय करणार, असा समज असतो. तो चुकीचा आहे. तपास कसा करायचा हे पोलिसांच्या हातात असतं. त्या तपासावरून खटला चालवायचा की नाही, हे न्यायदंडाधिकारी ठरवतात. पोलिसांचा निष्कर्ष हे त्यांचं मत असतं आणि ते कोर्टावर बंधनकारक नसतं.

कोर्टाला हा अधिकार असला तरी तो वापरायला कारण द्यावं लागतं, आणि ते कारण फिर्यादीने समोर ठेवायचं असतं. ते कसं ठेवायचं आणि बहुतेक अर्ज कुठे घसरतात, हे पुढे सांगितलं आहे.

आधी समरी कोणती ते पाहा

महाराष्ट्रात तपास बंद करण्याच्या अहवालाला ‘समरी’ म्हणतात. तिचे मुख्य प्रकार तीन. ‘अ’ समरी म्हणजे गुन्हा खरा आहे, पण आरोपीचा शोध लागला नाही, किंवा आरोपी माहीत असूनही त्याला कोर्टात पाठवण्याइतका पुरावा नाही. ‘ब’ समरी म्हणजे फिर्याद खोटी, तीही द्वेषबुद्धीने दिलेली. ‘क’ समरी म्हणजे फिर्याद खरीही नाही, खोटीही नाही: गैरसमजातून दिलेली किंवा वाद दिवाणी स्वरूपाचा. जमीन, फ्लॅट, भागीदारी आणि उसनवारीच्या प्रकरणांत पुण्यात सगळ्यात जास्त गाठ पडते ती या ‘क’ समरीशी.

प्रकार ओळखणं महत्त्वाचं, कारण प्रत्येकीचं उत्तर वेगळं असतं. ‘अ’ समरीला उत्तर देताना कोणते धागे तपासलेच नाहीत ते दाखवायचं. ‘क’ समरीत व्यवहाराच्या सुरुवातीपासूनच फसवण्याचा हेतू होता हे दाखवायचं. ‘ब’ समरी सगळ्यात गंभीर, कारण तिच्यासोबत फिर्यादीवरच खोटी माहिती दिल्याबद्दल कारवाईची मागणी येऊ शकते (भारतीय न्याय संहितेची कलमं २१७ आणि २४८, जुन्या दंडविधानात १८२ आणि २११). ‘ब’ समरीच्या नोटिशीला गैरहजर राहणं म्हणूनच धोक्याचं.

चौथी शक्यता पुष्कळांच्या लक्षातच येत नाही. दोषारोपपत्र येतं, पण मुख्य माणसाचं नाव त्यातून वगळलेलं असतं. तिथे समरी नसते आणि नोटीसही येईलच असं नाही. पण कोर्ट दखल घेतं (म्हणजे खटल्याची कारवाई सुरू करतं) ती गुन्ह्याची, गुन्हेगाराची नव्हे, हे सर्वोच्च न्यायालयाने रघुबंस दुबे प्रकरणात १९६७ सालीच सांगितलं आहे. अहवालात नाव नसलेल्या व्यक्तीलाही न्यायदंडाधिकारी समन्स काढू शकतात, याला नहार सिंग प्रकरणात २०२२ मध्ये पुन्हा दुजोरा मिळाला. दोषारोपपत्र दाखल झाल्याचं कळताच नक्कल काढून आरोपींची नावं तपासावीत.

कोर्टाला काय करता येतं आणि काय नाही

समरी समोर आल्यावर न्यायदंडाधिकाऱ्यांपुढे चार रस्ते असतात. समरी मंजूर करून प्रकरण बंद करणं. समरी नामंजूर करून पोलिसांच्याच कागदांवरून थेट गुन्ह्याची दखल घेणं आणि समन्स काढणं. पोलिसांना अधिक तपासाचा आदेश देणं. किंवा फिर्यादीचा हरकत अर्ज, म्हणजे समरीला विरोध करणारा अर्ज, खासगी फिर्याद (थेट कोर्टात केलेली तक्रार) म्हणून घेऊन शपथेवर जबाब नोंदवणं. एच. एस. बैन्स (१९८०), भगवंत सिंग (१९८५) आणि महाराष्ट्रातलं गंगाधर म्हात्रे (२००४) या निवाड्यांतून ही चौकट पक्की झाली आहे.

मर्यादाही तितक्याच पक्क्या आहेत. ‘दोषारोपपत्र दाखल करा’ असा हुकूम न्यायदंडाधिकारी पोलिसांना देऊ शकत नाहीत (अभिनंदन झा, १९६८). आधीचा तपास पुसून नव्याने ‘फेरतपास’ करण्याचा आदेश देऊ शकत नाहीत. अधिक तपासाचा देऊ शकतात (विनय त्यागी निवाडा). तपास सीबीआयकडे सोपवू शकत नाहीत. तरीही ‘पोलिसांना चार्जशीट पाठवण्याचे आदेश व्हावेत’ किंवा ‘फेरतपास व्हावा’ अशा मागण्या अर्जात सर्रास दिसतात. जे कोर्टाला देताच येत नाही ते मागितलं की विरोधी वकिलाला आयता मुद्दा मिळतो.

फिर्यादीला न कळवता समरी मंजूर करता येत नाही, हा भगवंत सिंग निवाड्याचा गाभा. जखमी व्यक्ती किंवा मृताचे नातेवाईक स्वतः फिर्यादी नसतील, तर त्यांना नोटीस मिळण्याचा तसा हक्क त्या निवाड्यात नाही. पण हजर झाल्यास त्यांचं ऐकून घ्यावं लागतं. पुढे जगजित सिंग विरुद्ध आशिष मिश्रा (२०२२) या निवाड्याने पीडिताचा प्रत्येक टप्प्यावर म्हणणं मांडण्याचा हक्क आणखी ठळक केला.

जुना कायदा की नवा

१ जुलै २०२४ पासून फौजदारी प्रक्रिया संहितेच्या (सीआरपीसी) जागी भारतीय नागरिक सुरक्षा संहिता आली. कोर्टात सगळे तिला बीएनएसएस म्हणतात. त्या दिवशी तपास चालू असलेल्या प्रकरणाला जुनी सीआरपीसी लागू राहते; त्यासाठी बीएनएसएसचं कलम ५३१ आहे. तेव्हा २०२३ च्या गुन्ह्याची समरी आज आली, तरी भाषा सीआरपीसीची: १७३ खाली अहवाल, १९० खाली दखल, २०० ते २०४ खाली खासगी फिर्यादीची प्रक्रिया. गुन्हा १ जुलै २०२४ नंतर नोंदवलेला असेल, तर हेच आकडे १९३, २१० आणि २२३ ते २२७ होतात. १५६(३) चं १७५(३) झालं, पुनरीक्षणाचं (वरच्या कोर्टाकडून आदेश तपासून घेण्याचं) ३९७ आता ४३८, आणि उच्च न्यायालयाचं ४८२ आता ५२८.

अर्जाच्या शीर्षकात चुकीचं कलम पडलं म्हणून अर्ज बाद होत नाही. पण एका ठिकाणी नव्या-जुन्याचा फरक खरोखर निर्णायक ठरतो. त्याबद्दल खासगी फिर्यादीच्या भागात सांगितलं आहे.

नोटीस हाती येताच

पहिली गोष्ट सहीची. समरी पाठवण्याआधी किंवा नोटीस बजावताना ठाण्यातून एखादा छापील जबाब पुढे केला जातो: ‘तपासाबाबत माझी काही तक्रार नाही, समरी मंजूर होण्यास हरकत नाही.’ न वाचता केलेली ही सही नंतर भारी पडते. नोटीस मिळाल्याची सही करावी, तारीख स्वतःच्या हाताने लिहावी आणि खाली ‘समरीस हरकत आहे, म्हणणे कोर्टात मांडणार’ एवढं एक वाक्य घालावं.

दुसरी गोष्ट, योग्य कोर्ट. पुण्यात प्रत्येक पोलीस ठाणं ठरावीक प्रथम वर्ग न्यायदंडाधिकाऱ्यांच्या कोर्टाला जोडलेलं असतं. शहराचं पोलीस आयुक्तालय वेगळं, २०१८ मध्ये सुरू झालेलं पिंपरी-चिंचवडचं वेगळं आणि ग्रामीण अधीक्षकांची हद्द वेगळी. हद्दीतल्या ठाण्यांची फेररचना झाली असेल, तर गुन्हा एका ठाण्यात नोंदलेला आणि कागद दुसऱ्याकडे असं होतं. नोटिशीवरचा कोर्ट क्रमांक, गुन्हा रजिस्टर नंबर आणि समरी क्रमांक टिपून घ्यावा आणि ई-कोर्ट्स या संकेतस्थळावर प्रकरणाचा सोळा अक्षरी सीएनआर क्रमांक शोधावा. पॉक्सो, अॅट्रॉसिटी किंवा लाचलुचपतीच्या गुन्ह्यांची समरी विशेष न्यायालयापुढे जाते, न्यायदंडाधिकाऱ्यांपुढे नाही.

तिसरी गोष्ट नकलांची. पहिल्याच तारखेला वकीलपत्र दाखल करून दोन छोटे अर्ज द्यायचे: म्हणणं मांडायला मुदत मिळावी, आणि समरी अहवाल, साक्षीदारांचे जबाब, पंचनामे, जप्त कागद यांच्या प्रमाणित नकला मिळाव्यात. हरकत अर्जासाठी कायद्यात दिवसांची ठरलेली मुदत नाही. नोटिशीवरची तारीख आणि कोर्टाने दिलेली मुदत हीच मर्यादा. पण दोन-तीन तारखा गैरहजेरीत गेल्या, की ‘फिर्यादीस स्वारस्य नाही’ अशा नोंदीनिशी समरी मंजूर होऊ शकते. तपासाची केस डायरी (पोलिसांची रोजच्या तपासाची नोंदवही) फिर्यादीला मिळत नाही, कोर्ट मात्र ती पाहू शकतं. म्हणून ‘कोर्टाने केस डायरी मागवून पाहावी’ अशी विनंती अर्जात ठेवायला हरकत नाही.

नकला हातात नसताना अर्ज लिहू नये. ‘तपास नीट झाला नाही’, ‘आरोपीशी संगनमत झालं’ असले शब्द वाचून न्यायाधीशांच्या हाती काहीच लागत नाही.

कागदांचे दोन ढीग

पुढचं सगळं या एका कामावर उभं आहे. टेबलावर दोन ढीग करा. पहिल्यात पोलिसांनी कोर्टात दाखल केलेले कागद. दुसऱ्यात तुमच्याकडे असलेले, पण पोलिसांच्या कागदांत नसलेले.

पहिल्या ढिगातूनच गुन्हा दिसत असेल, तर थेट दखल घेण्याची मागणी करता येते. इंडिया कॅरट (१९८९) निवाड्यानुसार अशा वेळी फिर्यादीचा शपथेवर जबाब वगैरे प्रक्रिया करण्याची गरज नसते. प्रकरण पोलिसी खटला म्हणूनच चालतं, म्हणजे सरकारी वकील ते चालवतात. दुसऱ्या ढिगातल्या कागदांवर विसंबायचं असेल, तर ते बाहेरचं साहित्य झालं. ते विचारात घ्यायला कोर्टाला एकतर अधिक तपासाचा आदेश द्यावा लागतो, नाहीतर अर्ज खासगी फिर्याद म्हणून घेऊन शपथेवर जबाब नोंदवावे लागतात. हरकत अर्जात फिर्यादीची सगळी अंगं असली, तर न्यायदंडाधिकारी तो फिर्याद म्हणून घेऊ शकतात; तसं त्यांनी घेतलंच पाहिजे असं नाही, हे विष्णुकुमार तिवारी (२०१९) या निवाड्यात स्पष्ट केलं आहे.

घोटाळा होतो तो दोन्ही ढीग एकत्र झाल्यावर. हरकत अर्जासोबत नवी प्रतिज्ञापत्रं जोडली जातात, कोर्ट त्यांच्याच आधारे पोलिसी अहवालावर दखल घेतं, आणि पुढे सत्र किंवा उच्च न्यायालयात आरोपी तो आदेश याच एका कारणावर रद्द करून घेतो. दोन वर्षं वाया जातात आणि गाडी पुन्हा समरीवर येऊन थांबते.

एक काल्पनिक उदाहरण

वाघोलीतला दोन गुंठ्यांचा प्लॉट. मालक परदेशात नोकरीला. गावी आल्यावर सूची क्रमांक दोन (इंडेक्स टू) काढली तेव्हा कळलं, की त्यांच्या नावाचं नोटरीसमोर केलेलं कुलमुखत्यारपत्र वापरून कुणीतरी प्लॉट विकला आहे आणि फेरफारही पडला आहे. गुन्हा नोंदला गेला. वर्षाने ‘क’ समरी आली: ‘सदरचा वाद मालकीहक्काबाबत असून दिवाणी स्वरूपाचा आहे.’

पहिल्या ढिगात सापडतं ते असं: खरेदीखताची प्रत, कुलमुखत्यारपत्राची प्रत, ‘माझ्यासमोर आलेली व्यक्ती मी ओळखत नव्हतो’ असा नोटरीचा जबाब, आणि पोलिसांनीच घेतलेली मालकाच्या पासपोर्टची प्रत. कुलमुखत्यारपत्रावर पुण्यात सही झाल्याची जी तारीख आहे, त्या दिवशी मालक देशाबाहेर असल्याचा शिक्का त्या पासपोर्टवर आहे. एवढ्यावर थेट दखल मागता येते, कारण सगळं पोलिसांच्याच कागदांत आहे. समरी अहवालात पासपोर्टचा साधा उल्लेखही नसेल, तर अर्जाचा पहिला मुद्दा तोच.

दुसऱ्या ढिगात: नोटरीच्या नोंदवहीची नंतर मिळवलेली नक्कल, खासगी हस्ताक्षरतज्ज्ञाचं मत, विक्रीची रक्कम कुणाच्या खात्यात गेली ते दाखवणारा बँकेचा उतारा. हे अधिक तपासाच्या मागणीत जातं.

याच उदाहरणात कायद्याची एक बारीक खाच आहे आणि ‘क’ समरीच्या प्रकरणांत ती हमखास आडवी येते. मोहम्मद इब्राहिम (२००९) निवाड्याप्रमाणे, एखाद्याने स्वतःच्याच नावाने सही करून ‘ही जमीन माझी’ असं खोटं सांगत खरेदीखत केलं, तर तो ‘खोटा दस्त’ ठरत नाही आणि बनावटीकरणाचं कलम लागत नाही. फसवणूक झालीच तर ती खरेदीदाराची. उलट, मालकाच्या नावाची खोटी सही करून कुलमुखत्यारपत्र बनवलं असेल, तर ते बनावटीकरणच (न्याय संहिता ३३६ आणि ३३८, वापराबद्दल ३४०). तेव्हा अर्जात बोट ठेवायचं ते कुलमुखत्यारपत्रावरच्या सहीवर. ‘खरेदीखत बोगस आहे’ असं मोघम लिहिणारा फिर्यादी स्वतःचीच बाजू पातळ करतो.

‘दिवाणी वाद’ या शेऱ्याला उत्तर देताना एका घटनेतून दिवाणी हक्क आणि फौजदारी गुन्हा दोन्ही उभे राहू शकतात, एवढं सांगून थांबू नये. ते कोर्टाला माहीत असतं. सही, तोतयेगिरी, पैसे घेण्याआधीचं खोटं विधान यांपैकी नेमकी कोणती कृती दिवाणी वादाच्या पलीकडची आहे, ते दाखवावं. तसं दाखवता येत नसेल, तर ‘क’ समरी बरोबर असण्याची शक्यताही प्रामाणिकपणे विचारात घ्यावी. ठरलेल्या मुदतीत फ्लॅटचा ताबा दिला नाही, एवढ्या एका गोष्टीने फसवणूक सिद्ध होत नाही.

दिवाणी दाव्यात तेच कुलमुखत्यारपत्र दाखल झालेलं असलं, की समोरून आणखी एक हरकत येते: आता फक्त दिवाणी कोर्टच तक्रार करू शकतं. इक्बाल सिंग मारवाह (२००५) या घटनापीठाच्या निवाड्याने त्यावर पडदा टाकला. ही अट दस्त कोर्टाच्या ताब्यात असताना बनावट केला असेल तरच लागते, आधीच बनवलेल्या दस्ताला नाही.

अर्ज कसा बांधायचा

सात-आठ पानांच्या वर जाऊ नये. सुरुवातीला गुन्हा नंबर, कलमं, समरीचा प्रकार आणि तारीख. मग घटना थोडक्यात, दीड पानात. त्यानंतर समरी अहवालातलं एकेक कारण घ्यायचं आणि त्याखाली त्याचं उत्तर पान क्रमांकासह लिहायचं. उदाहरणार्थ:

‘समरी अहवालात (पान ३) नमूद आहे, की अर्जदाराने कुलमुखत्यारपत्र दिल्याचे नाकारलेले नाही. वास्तविक अर्जदाराच्या दि. … च्या जबाबात (पान १४) “सही माझी नाही” असे स्पष्ट नमूद आहे. पासपोर्टच्या प्रतीवरून (पान २७) अर्जदार त्या दिवशी देशाबाहेर होते. नमुना सह्या घेऊन त्या हस्ताक्षरतज्ज्ञांकडे पाठवल्याचे कागदपत्रांत दिसत नाही.’

असे पाच-सहा परिच्छेद पुरेत. यापुढे प्रत्येक संशयिताचं स्वतंत्र कृत्य लिहावं: कुणी सही केली, कुणी ओळख पटवली, पैसे कुणाच्या खात्यात गेले. ‘सर्व आरोपींनी संगनमताने’ या शब्दांवर समन्स निघालं, तर ते टिकवणं अवघड. सुनील भारती मित्तल (२०१५) प्रकरणात दोषारोपपत्रात नसलेल्या व्यक्तींना काढलेलं समन्स सर्वोच्च न्यायालयाने रद्द केलं, आणि अशा वेळी आदेशात कारणं दिसली पाहिजेत असं सांगितलं. तुमच्या अर्जात व्यक्तीगणिक कारणं असली, की न्यायाधीशांना आदेशात ती मांडणं सोपं जातं. हरकत अर्जाचं खरं काम हेच असतं.

शेवटी मागण्या उतरत्या क्रमाने आणि पर्यायी म्हणून: समरी नामंजूर करून कलम २१०(१)(बी) खाली दखल घ्यावी आणि अमुक व्यक्तींना समन्स काढावं, पर्यायाने कलम १९३(९) सह १७५(३) खाली अमुक मुद्द्यांवर अधिक तपासाचा आदेश व्हावा, तोही न झाल्यास हा अर्ज फिर्याद म्हणून घेऊन शपथेवर जबाब नोंदवावा. तिसरी मागणी ठेवायची, तर अर्जात सुरुवातीपासूनच फिर्यादीची सगळी अंगं हवीत: आरोपींची पूर्ण नावं-पत्ते, कलमं, साक्षीदारांची यादी, कागदांची यादी आणि प्रतिज्ञापत्र. साक्षीदारांची यादी दिल्याशिवाय समन्स काढता येत नाही.

मोबाइलमधले संदेश, ध्वनिफिती किंवा सीसीटीव्हीचं चित्रण जोडायचं असेल, तर भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम ६३(४) चं प्रमाणपत्र दोन्ही भागांसह आणि हॅश मूल्यासह (फाइल बदललेली नाही हे दाखवणारा सांकेतिक क्रमांक) लागतं. नुसत्या स्क्रीनशॉटच्या छापील प्रतींवर भिस्त ठेवू नये.

अधिक तपास मागताना

मागणी जितकी मोघम, तितका आदेश मोघम, आणि मोघम आदेशावर ठाण्यातून तीन महिन्यांनी तीच समरी नव्या तारखेनिशी परत येते. म्हणून कामं लिहूनच द्यावीत: अमुक नोटरीची मूळ नोंदवही जप्त करावी, निबंधक कार्यालयातून दस्तासोबतचे फोटो आणि अंगठ्यांचे ठसे घ्यावेत, संशयिताचे नमुना हस्ताक्षर घेऊन तज्ज्ञांकडे पाठवावेत, अमुक खात्याचा अमुक काळातला उतारा मागवावा. कॉल नोंदी आणि सीसीटीव्हीचं चित्रण कायम राहत नाही, त्यामुळे ते आधी सुरक्षित ठेवण्याची विनंती पहिल्याच तारखेला वेगळ्या अर्जाने करावी.

अहवाल केव्हा द्यायचा याची तारीख आदेशात घालून घ्यावी. कोणता अधिकारी तपास करील हे ठरवण्याचा न्यायदंडाधिकाऱ्यांचा अधिकार मर्यादित आहे. तपासी अंमलदारावरच आक्षेप असेल, तर पोलीस उपायुक्तांकडे लेखी अर्ज करून त्याची पोच कोर्टात लावणं जास्त उपयोगी पडतं.

अधिक तपासाचा हा अधिकार दोषारोप निश्चित होईपर्यंत वापरता येतो, असं विनुभाई मालवीय (२०१९) निवाड्यात ठरलं आहे.

खासगी फिर्यादीचा रस्ता निवडताना

समरी मंजूर झाली, तरी त्याच घटनेवर खासगी फिर्याद करण्याला आडकाठी नाही (महेश चंद, २००३). पण हा रस्ता लांबचा. कोर्ट फिर्यादी आणि साक्षीदारांचे शपथेवर जबाब घेतं, गरज पडल्यास कलम २२५ खाली चौकशी करतं, मग फिर्याद फेटाळतं किंवा समन्स काढतं. आरोपी कोर्टाच्या हद्दीबाहेर, म्हणजे ठाण्याला किंवा नाशिकला राहत असेल, तर ही चौकशी सक्तीची. ही चौकशी पोलिसांकडे सोपवता येते, पण जे ठाणं एकदा समरी देऊन बसलंय त्याच्याकडूनच ती करून घेण्यात अर्थ नसतो. न्यायदंडाधिकाऱ्यांनी स्वतःच साक्षीदार तपासावेत अशी विनंती करावी. गुन्हा फक्त सत्र न्यायालयात चालणारा असेल, तर चौकशीत सगळे साक्षीदार तपासावे लागतात आणि ती पोलिसांकडे देताच येत नाही.

नव्या-जुन्या कायद्यातला निर्णायक फरक तो इथला. सीआरपीसीत समन्स निघेपर्यंत आरोपीला बोलायला जागाच नव्हती. बीएनएसएसच्या कलम २२३ नुसार खासगी फिर्यादीवर दखल घेण्याआधी आरोपीला म्हणणं मांडण्याची संधी द्यावी लागते. ती न दिल्यामुळे सर्वोच्च न्यायालयाने २०२५ मध्ये कुशलकुमार अगरवाल प्रकरणातला दखल घेण्याचा आदेश रद्द केला. क्रम असा: आधी फिर्यादी-साक्षीदारांचे शपथेवर जबाब, मग आरोपीला नोटीस, कर्नाटक उच्च न्यायालयाने २०२४ मध्ये तसाच अर्थ लावला आहे. पोलिसी अहवालावरून थेट दखल घेतली जाते, तेव्हा ही अट नाही. म्हणजे पहिला ढीग भक्कम असेल, तर उगाच नवे कागद जोडून आपणच आपलं प्रकरण लांबच्या रस्त्याला लावू नये.

खटला उभा राहिल्यावरही फरक पडतो. खासगी फिर्यादीत पुरावा फिर्यादीने उभा करायचा, वकील त्याचा, साक्षीदार आणायची जबाबदारी त्याची. तो सतत गैरहजर राहिला, तर तीस दिवसांची संधी देऊन आरोपीची मुक्तता होऊ शकते.

संशयितांत सरकारी कर्मचारी असेल आणि कृत्य कामाच्या ओघातलं असेल, तर खटल्यासाठी शासनाच्या मंजुरीचा प्रश्न येतो. कलम २१८ खाली शासनाने १२० दिवसांत निर्णय घेतला नाही, तर मंजुरी मिळाली असं धरलं जातं. तीन वर्षांपर्यंत शिक्षा असलेल्या गुन्ह्यांना दखलीची कालमर्यादा आहे: फक्त दंड असेल तर सहा महिने, एक वर्षापर्यंतच्या शिक्षेला एक वर्ष, तीन वर्षांपर्यंतच्या शिक्षेला तीन वर्षं. बीएनएसएसमध्ये ती फिर्याद दाखल केल्याच्या किंवा गुन्हा नोंदवल्याच्या तारखेपर्यंत मोजतात, त्यामुळे कोर्टात गेलेला वेळ फिर्यादीच्या माथी येत नाही.

सुनावणीला

युक्तिवाद लांबवू नये. समरीतलं कारण, त्याविरुद्धचं पान, तेवढंच दाखवावं. या टप्प्यावर ‘शिक्षा होईल का’ हा प्रश्न नसतो, ‘पुढे जायला पुरेसं कारण आहे का’ एवढाच असतो. पण समन्स ही किरकोळ गोष्ट नाही, हे पेप्सी फूड्स निवाड्यापासून प्रत्येक न्यायाधीशाच्या मनात असतं. आरुषी तलवार हत्या प्रकरणात सीबीआयने तपास बंद करण्याचा अहवाल दिला असताना गाझियाबादच्या कोर्टाने २०११ मध्ये तो नाकारून तिच्या आईवडिलांना समन्स काढलं. खालच्या कोर्टात शिक्षा झाली आणि २०१७ मध्ये अलाहाबाद उच्च न्यायालयाने त्यांना निर्दोष सोडलं. समन्स निघालं म्हणून शेवट ठरत नाही, आणि फिर्यादीनेही तसं धरून चालू नये.

आदेश विरोधात गेला तर

न्यायदंडाधिकारी स्वतःचा आदेश मागे घेऊ शकत नाहीत. नोटीस न मिळताच समरी मंजूर झाली असली, तरी त्याच कोर्टात ‘आदेश रद्द करा’ असा अर्ज करून वेळ घालवू नये. सत्र न्यायालयात पुनरीक्षण अर्ज करायचा. मुदत आदेशाच्या तारखेपासून ९० दिवस. प्रमाणित नक्कल मिळायला लागलेला काळ त्यातून वजा होतो. उशीर झाला, तर विलंबमाफीचा वेगळा अर्ज जोडावा लागतो आणि त्यात प्रत्येक टप्प्याचं कारण द्यावं लागतं. म्हणून आदेश झाल्याच दिवशी नकलेसाठी अर्ज टाकावा.

पुनरीक्षणात एक चूक वारंवार होते. संशयितांना पक्षकार केलं जात नाही, कारण ‘ते अजून आरोपीच नाहीत’. मनहरीभाई काकडिया (२०१२) निवाड्याने त्यांना पुनरीक्षणात म्हणणं मांडण्याचा हक्क दिला आहे. त्यांना न ऐकता मिळवलेला अनुकूल आदेश उच्च न्यायालयात टिकत नाही. सरकारसोबत त्यांनाही सामील करावं आणि नोटिसा वेळेत बजावल्या जातील याकडे लक्ष ठेवावं.

सत्र न्यायालयाने नाकारलं, तर त्याच पक्षकाराला दुसरं पुनरीक्षण करता येत नाही. तिथून पुढे कलम ५२८ किंवा राज्यघटनेच्या अनुच्छेद २२७ खाली मुंबई उच्च न्यायालय. ऑगस्ट २०२५ मध्ये कोल्हापूरला सर्किट बेंच सुरू झालं, पण त्याच्या सहा जिल्ह्यांत पुणे नाही, त्यामुळे पुण्याची प्रकरणं मुंबईच्या मुख्य पीठाकडेच जातात.